‘चिंता करू नका’ म्हटल्याने चिंता जाते का? ख्रिस्ती प्रार्थना आणि आभार यांची सोपी उकल

२०२४ संपता संपता एक छोटी बातमी आली होती. जगभरच्या कोट्यवधी फोनमध्ये असलेल्या यूव्हर्जन या बायबल ॲपने ‘वर्षाचं वचन’ जाहीर केलं. वर्षभरात वाचकांनी सगळ्यात जास्त जवळ केलेलं, एकमेकांना पाठवलेलं हे वचन म्हणजे बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं, अध्याय ४, वचन ६. त्याचा मथितार्थ असा: कशाचीही चिंता करत बसू नका, प्रत्येक बाबतीत प्रार्थना आणि विनंती करा, आणि आभार मानत आपलं मागणं देवाला कळवा. लगेच पुढचं वचन म्हणतं, की मग बुद्धीच्या आवाक्यापलीकडची देवाची शांती तुमचं मन राखेल.

आता खरं सांगायचं तर ‘चिंता करू नका’ हे जगातलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य आहे. शेजारी म्हणतात, आत्या म्हणते, ऑफिसातला साहेबही म्हणतो, आणि ऐकणाऱ्याची चिंता तसूभर कमी होत नाही. उलट ‘मला एवढंही जमत नाही’ अशी एक नवी चिंता वाढते. मग पहिल्या शतकातल्या एका पत्रातलं हेच वाक्य लोकांना इतकं का धरून ठेवावंसं वाटतं?

काळजीने ग्रासलेला ख्रिस्ती माणूस प्रार्थनेत नेमकं काय करतो, त्याने काय होतं आणि काय होत नाही, ते इथे पाहू. तुमची श्रद्धा असो वा नसो, हे समजायला अडचण येऊ नये.

आधी चिंतेकडे पाहू

भीती समोरच्या गोष्टीची असते. गल्लीतलं कुत्रं अंगावर आलं की माणूस घाबरतो, पळतो, कुत्रं निघून जातं आणि दहा मिनिटांत श्वास जाग्यावर येतो. चिंता असते ती जे अजून झालेलं नाही त्याची. गंमत अशी, की शरीर या दोन्हींना जवळपास सारखंच उत्तर देतं. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे, तो धोक्याची वर्दी देतो. ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरकं रक्तात उतरतात, छाती धडधडते, श्वास वरवरचा होतो, पोटात गोळा येतो. पण बायोप्सीचा रिपोर्ट, मुलाची नोकरी, घराचा हप्ता ही कुत्र्यासारखी निघून जाणारी मंडळी नव्हेत. त्यामुळे वर्दी वाजतच राहते.

ज्यांच्या वस्तीत रात्री-अपरात्री नळाला पाणी येतं त्यांना हे अनुभवाने माहीत आहे. दोनला येईल की चारला, काही नेम नाही. पिंप रिकामं, कळश्या रिकाम्या. माणूस आडवा होतो पण झोपत नाही. जरा खुट्ट झालं की नळापाशी. त्याच्या जागरणाने पाणी मिनिटभरही लवकर येत नाही. तरी डोळा मिटायची हिंमत होत नाही, कारण आपण झोपलो तर दुसरं कोणीच जागं नाही. चिंतेवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ हेच निरीक्षण वेगळ्या शब्दांत मांडतात: चिंता करणाऱ्याला आतून वाटत असतं, की मी काळजी करतोय म्हणूनच गोष्टी अजून हाताबाहेर गेलेल्या नाहीत. समजा, शेजारच्या काकू म्हणाल्या, “तुम्ही झोपा हो, मी जागीच आहे, पाणी आलं की हाक मारते.” पाणी तेवढंच, वेळही तीच, पण झोप लागते. अर्थात काकूंवर भरवसा असेल तरच.

ख्रिस्ती प्रार्थनेचा सगळा दावा या भरवशावर उभा आहे. बायबलमधलं १२१वं स्तोत्र म्हणतं, की तुला राखणारा झोपत नाही, डुलकीसुद्धा घेत नाही. फिलिप्पैकरांच्या पत्रातही ‘चिंता करू नका’च्या आधी एक चिमुकलं वाक्य आहे: ‘प्रभू जवळ आहे.’ व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रांत ते बहुतेक वेळा कापलेलं असतं, आणि मग उरते ती नुसती आज्ञा. सगळा भार तर त्या कापलेल्या वाक्यावर आहे.

इथेच एक संज्ञा समजून घेऊ, पुढे लागेल. काळजी सगळ्यांनाच वाटते. पण ती बहुतेक दिवस, सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ, आवरता न येणारी अशी राहिली आणि झोप, काम, नाती बिघडवू लागली, की डॉक्टर तिला चिंताविकार म्हणतात (त्याचे प्रकार अनेक आहेत, हा त्यांतला सर्वसाधारण). जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगात ३० कोटींहून अधिक लोक कुठल्या ना कुठल्या चिंताविकारासह जगत होते. मानसिक आजारांत याहून जास्त आढळणारा आजार नाही.

हे लिहिणारा तरी निवांत होता का?

पत्र पौलाचं आहे, म्हणजे गावोगाव फिरून ख्रिस्ताचा संदेश सांगणाऱ्या पहिल्या शतकातल्या प्रेषिताचं, आणि ते तुरुंगातून लिहिलेलं आहे. तुरुंग कुठला यावर अभ्यासकांचा वाद आहे. रोम, इफिस, कैसरिया अशी तीन नावं घेतली जातात. पण खटला चालू होता, निकाल मृत्यूचाही लागू शकत होता, हे पहिल्याच अध्यायात तो लिहितो. ज्या फिलिप्पैला हे पत्र गेलं ती आजच्या उत्तर ग्रीसमधली रोमी वसाहत. तिथेही याआधी त्याने फटके खाल्ले होते. पौल आणि त्याचा सोबती सीला यांना छड्या मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं, आणि मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत स्तोत्रं गात होते, अशी हकीकत बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. म्हणजे ज्यांना पत्र गेलं त्यांनी हा माणूस संकटात कसा वागतो ते पाहिलेलं होतं.

पण मला या पत्रातली दुसरीच जागा जास्त बोलकी वाटते. फिलिप्पैच्या मंडळीने (म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाने) पौलाला मदत पाठवली ती एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती. तो तिथे जाऊन मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. ती खबर गावाकडे पोचली, आणि आपल्यामुळे घरचे काळजीत पडले म्हणून हा इकडे बेचैन. शेवटी पौल लिहितो: मी त्याला परत धाडतो आहे, म्हणजे त्याला पाहून तुम्हाला आनंद होईल आणि माझंही दुःख थोडं हलकं होईल. हे दुसऱ्या अध्यायात. आणि ‘कशाचीही चिंता करू नका’ हे चौथ्या अध्यायात. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर तो जहाज फुटल्याचे, दगडमाराचे, उपासमारीचे प्रसंग मोजून झाल्यावर म्हणतो, की या सगळ्यावर रोजची आणखी एक गोष्ट, सर्व मंडळ्यांची चिंता.

म्हणजे चिंता ज्याच्या वाटेला कधी गेलीच नाही अशा साधूचा हा उपदेश नव्हे. शिवाय वचन ६च्या चारच वचनं आधी युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना तो ‘एकमेकींशी जमवून घ्या’ अशी विनवणी करतो. मंडळीत भांडण, अंगावर खटला, माणूस आजारी, आणि या सगळ्याच्या मधोमध ‘चिंता करू नका’. चिंता आल्यावर तिचं काय करायचं, याची ही सूचना आहे.

कळवायचं म्हणजे काय करायचं?

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी जाऊन या. तिथली बुधवारची नोव्हेना, म्हणजे सलग नऊ बुधवार करायची प्रार्थना, १९४८ पासून चालू आहे. दिवसभर वेगवेगळ्या भाषांत ती होते, आणि येणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. बाहेर फुटपाथवर मेणाच्या वस्तू विकायला असतात. मेणबत्त्या तर आहेतच, पण मेणाचं घर, मेणाचं बाळ, मेणाचा पाय, हात, डोळे, हृदय. ज्याला जी काळजी तो ती वस्तू घेतो. गुडघ्याचं ऑपरेशन असलेली बाई पाय घेते. भाड्याच्या खोलीत दिवस काढणारं जोडपं घर घेतं. आत लोक चिठ्ठ्या लिहून देतात, आणि त्यांतल्या काही वाचून दाखवतात. त्यांत विनंत्या असतात तशीच आभाराची पत्रंही असतात.

सुशिक्षित माणूस या मेणाच्या पायाला हसतो. मला त्यात शहाणपण दिसतं. रात्री अडीचला छातीवर बसणाऱ्या काळजीला आकार नसतो. ‘सगळंच बिघडणार आहे’ एवढंच तिचं म्हणणं असतं. तिला ‘पाय’ म्हणायला लागलं, ‘घर’ म्हणायला लागलं, की ती निदान तळहातावर मावते. अमेरिकेतल्या मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच वेगळ्या वाटेने दिसलं. लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या भावनेला शब्दांत नाव द्यायला सांगितल्यावर अमिग्डालाची खळबळ कमी झाली.

इथे एक शंका हमखास येते: देवाला सगळं ठाऊक आहे ना, मग कळवायचं कशाला? येशूनेच म्हटलं आहे, की तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या पित्याला तुमची गरज माहीत असते. म्हणजे कळवणं हे देवाच्या माहितीसाठी नाहीच. हातातली वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची तर आधी आपल्या हातात काय आहे ते पाहावं लागतं, त्यासाठी ते आहे. ‘प्रभू, सर्वांचं भलं कर’ ही प्रार्थना सुंदर आहे, पण चिंतेच्या रात्री तिचा फारसा उपयोग होत नाही. ‘उद्या अकरा वाजता आईचा रिपोर्ट येणार. तो वाईट आला तर दादाला काय सांगू, पैसे कुठून आणू, मला कळत नाही. मला भीती वाटते’ ही प्रार्थना त्या रात्रीची आहे.

आणि गोड बोलण्याची सक्तीही नाही. बायबलमध्ये १५० स्तोत्रं आहेत, त्यांतली जवळपास एक तृतीयांश गाऱ्हाणी आहेत. १३वं स्तोत्र सुरू होतं ते ‘परमेश्वरा, किती वेळ? मला कायमचा विसरणार आहेस का?’ असं. ८८वं तर अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळही नाही. देवळात आणि चर्चमध्ये आवाज खाली ठेवून, चेहरा नीट करून जायची आपली सवय. पण ज्या ग्रंथावरून ही प्रार्थना आली त्यात देवाशी चक्क भांडणारी माणसं आहेत, आणि त्यांचं भांडण काटछाट न करता उपासनेत गायलं जातं.

आणि आभार कसले मानायचे?

हा या वचनातला सगळ्यात अवघड भाग. नोकरी गेलेल्या माणसाला ‘आभार मान’ म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. तेव्हा आधी काय सांगितलेलं नाही ते पाहू. कर्करोगाबद्दल, अपघाताबद्दल, फसवणुकीबद्दल आभार माना असं पौल म्हणत नाही. थेस्सलनीकाकरांना तो लिहितो, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ वाईट स्थितीत असतानाही आभार मानायला जागा असते, एवढंच त्याचं म्हणणं.

‘जगात लोकांना एवढंही मिळत नाही, तू किती नशीबवान’ हाही प्रकार नव्हे. दुसऱ्याच्या दारिद्र्यावर उभं राहून मानलेल्या आभारांची येशूने टरच उडवली आहे. लूकच्या शुभवर्तमानात एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात उभा राहून म्हणतो, ‘देवा, मी इतर माणसांसारखा नाही म्हणून तुझे आभार.’ त्या गोष्टीत शाबासकी मिळते ती त्याला नव्हे, मागे छाती बडवत उभ्या असलेल्या जकातदाराला.

मग आभाराचं काम काय? पुन्हा त्या काकूंकडे जाऊ. त्यांच्या भरवशावर झोप लागायची तर एक गोष्ट आठवावी लागते: मागच्या खेपेला त्यांनी हाक मारली होती, त्याच्या आधीच्या खेपेलाही. ही आठवण नसेल तर ‘मी जागी आहे’ हे नुसते शब्द. चिंता सगळी पुढच्या दिवसांवर नजर लावून असते. आभार मागे काय घडलं ते काढून समोर ठेवतात. ७७व्या स्तोत्रातल्या माणसाला झोप येत नाही, ‘तू माझे डोळे मिटू देत नाहीस’ अशी त्याची तक्रार आहे. मग तो काय करतो? जुन्या दिवसांची आठवण काढू लागतो, देवाने पूर्वी काय काय केलं ते मोजू लागतो. त्याची अडचण त्या स्तोत्रात सुटल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश संताने दिवसाची झडती घ्यायची एक पाच टप्प्यांची पद्धत बसवली. येशूसंघाचे फादर, म्हणजे जेझुइट, ती आजही करतात. पहिला टप्पा चुका शोधायचा असेल असं आपल्याला वाटेल. तो आहे आभाराचा. दिवसात काय मिळालं ते आधी पाहायचं, चुका नंतर. हा क्रम माणसाच्या मनाची चांगली ओळख असलेल्याने लावलेला आहे. जो आधी चुका मोजायला बसतो तो बहुतेक तिथेच अडकतो.

आभार जितके बारीक तितके बरे. ‘आरोग्याबद्दल, कुटुंबाबद्दल धन्यवाद’ हे रोज म्हटलं की घासून गुळगुळीत होतं. ‘आज लोकलमध्ये ठाण्यापासून बसायला मिळालं’, ‘आईने दोन घास जास्त खाल्ले’, ‘त्या नर्सने नाव विचारलं’ याला धार असते. मराठी मंडळ्यांत पीक हाती आल्यावर उपकारस्तुतीची उपासना होते, ती मला यासाठीच आवडते. वेदीपुढे अमूर्त काही नसतं. भोपळे, ज्वारीची कणसं, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि दुधी भोपळ्याला बाजारात कधी मिळणार नाही तो भाव येतो.

विज्ञान यावर काय म्हणतं? रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅक्कलो यांचा २००३चा प्रयोग प्रसिद्ध आहे. एका गटाने दर आठवड्याला आभार मानावेत अशा पाच गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने पाच कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. दहा आठवड्यांनी पहिल्या गटाला आपलं आयुष्य जास्त बरं वाटत होतं. पण यावरून ‘कृतज्ञतेची वही लिहा, चिंता पळवा’ अशा ज्या जाहिराती निघाल्या त्या अतिरंजित आहेत. २०२१ मध्ये असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा चिंता आणि नैराश्याच्या लक्षणांवरचा परिणाम अगदी बेताचा निघाला. आभाराची यादी हा काही चिंताविकारावरचा उपचार नाही. पौलाने तरी ती एकटी कुठे सांगितली होती? त्याच्याकडे ती मागण्याला जोडून येते, आणि कोणाला तरी उद्देशून असते.

शरीराचं काय?

इटलीत पाविया इथे लुचानो बेर्नार्दी यांनी २००१ मध्ये २३ निरोगी लोकांवर एक मजेशीर प्रयोग केला. त्यांना लॅटिनमध्ये रोझरीतली, म्हणजे माळेवर म्हणायची, ‘आवे मारिया’ ही मरियेची प्रार्थना म्हणायला लावली, आणि दुसऱ्या वेळी ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र. दोन्ही वेळा श्वास आपोआप मंदावून मिनिटाला सुमारे सहावर आला, आणि रक्तदाब सांभाळणारी हृदयाची यंत्रणा जास्त तरतरीत झाली. रोझरीत अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली इतरांनी. एक फेरी साधारण दहा सेकंदांची. म्हणजे मिनिटाला सहा. वसईपासून गोव्यापर्यंत ज्या घरांत संध्याकाळी आजी माळ घेऊन सगळ्यांना गुडघ्यावर बसवते, तिथे हे शास्त्र कोणी वाचलेलं नसतं आणि पोरांचं लक्षही बहुतेक जेवणाकडे असतं. पण श्वास मात्र आपलं काम करतो.

मग हे जपात, ध्यानातही आहेच की

आहेच. वरचा प्रयोगच ते सांगतो, आणि प्रामाणिक ख्रिस्ती माणसाने ते नाकारू नये. श्वास, लय, एकाग्रता यांवर कोणा धर्माची मालकी नाही. फरक आहे तो रोखाचा. अनेक ध्यानपद्धतींत विचार येतो आणि जातो, त्याकडे नुसतं पाहायचं असतं. ख्रिस्ती प्रार्थनेत तो विचार उचलून कोणाच्या तरी हाती द्यायचा असतो. ज्याला असा कोणी आहे असं वाटतच नाही, त्याला ही प्रार्थना स्वतःशीच बोलण्यासारखी वाटेल, आणि तसं वाटणं चूक म्हणता येणार नाही.

मागितलं ते मिळालं नाही तर?

वचन पुन्हा वाचा. मागणं कळवा, मग मागितलेलं मिळेल, असं तिथे लिहिलेलं नाही. शांती मिळेल, असं लिहिलं आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत करणारे प्रचारक आपल्याकडे कमी नाहीत.

बायबलमधली सगळ्यात व्याकूळ प्रार्थना अशीच आहे. गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री, येशूने मागितलं की हा प्याला माझ्यावरून टळो. तीनदा मागितलं. टळला नाही. पौलानेही आपल्या ‘शरीरातल्या काट्या’बद्दल (तो काय होता हे त्याने सांगितलेलं नाही) तीनदा विनवणी केली, आणि उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे.’ काटा राहिला.

प्रार्थनेचा परिणाम मोजायचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला आहे. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णालयांतले हृदयाची बायपास झालेले १८०२ रुग्ण घेतले. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. २००६ मध्ये निष्कर्ष आला: गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक नाही. ज्यांना ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे’ असं सांगितलं होतं त्यांच्यात तर गुंतागुंत किंचित जास्त, ५९ टक्के. असं खात्रीने न सांगितलेल्यांत ५१-५२ टक्के. का, ते ठरलं नाही. ‘माझ्यासाठी प्रार्थना लावावी लागली, म्हणजे मी इतका गंभीर आहे का’ या धास्तीने असेल, असा एक तर्क आहे. नास्तिक मित्र हा अभ्यास पुढे करतात, त्यांनी जरूर करावा. प्रार्थना म्हणजे नाणं टाकलं की वस्तू बाहेर येते असं मानणाऱ्यांना तो ऐकवायलाच हवा. चिंतेच्या रात्री एका माणसाचं आणि देवाचं काय बोलणं होतं, ते मात्र त्यात मोजलेलं नव्हतं.

प्रार्थना करूनही चिंता जात नाही. माझा विश्वास कच्चा आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो, आणि दुर्दैवाने मंडळीतली माणसंच तो मनात पेरतात. ‘अजून गोळ्या चालू आहेत? विश्वास ठेव जरा.’ असं बोलणाऱ्याने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा अकरावा अध्याय वाचावा. पौलाला रोज चिंता होती, आणि त्याचा विश्वास कच्चा होता असं म्हणायला कोणी धजणार नाही.

संशोधनातून एक उपयोगी गोष्ट पुढे आली आहे. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं, की धर्माचा आधार दोन तऱ्हांनी घेतला जातो. देव संकटात सोबत आहे असं धरून चालणाऱ्यांना बहुधा दिलासा मिळतो. देव मला शिक्षा करतोय, त्याने मला टाकलंय असं मानणाऱ्यांचा त्रास वाढलेला दिसतो. क्रिस्टोफर एलिसन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पाहणीवरून प्रार्थनेबद्दल असंच काहीसं मांडलं: देवाशी नातं भरवशाचं असेल तर प्रार्थनेबरोबर चिंतेची लक्षणं कमी दिसतात, ते धास्तीचं असेल तर प्रार्थनेबरोबर ती जास्तही दिसतात. तेव्हा घाबरलेल्या माणसाला ‘तुझंच कुठलं तरी पाप असेल’ म्हणणारा पाळक किंवा प्रार्थनावाली ताई त्याला आणखी आजारी करू शकते. हे मी सौम्य शब्दांत लिहितो आहे.

डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवावरचा भरवसा सोडणं, हे बायबलमधून निघत नाही. पौलाच्या सोबत्यांत लूक होता, त्याला तो ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या सारख्या बिघडणाऱ्या पोटासाठी तो नुसती प्रार्थना सांगत नाही, थोडा द्राक्षारस घे म्हणतो, जे त्या काळचं औषधच होतं. चिंताविकारावर समुपदेशनाचे आणि औषधांचे उपचार आहेत, ते बऱ्याच जणांना लागू पडतात. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, छातीत धडधड होऊन आता मरतो असं वाटत असेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर प्रार्थना चालू ठेवूनच आधी डॉक्टर. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

हे एकट्याने करायचं का?

फिलिप्पैकरांचं पत्र अनेकवचनात आहे. ‘तुम्ही’ म्हणजे ती अख्खी मंडळी: जांभळ्या कापडाचा धंदा करणारी लुदिया ज्या मंडळीची पहिली बाई, मध्यरात्री ती स्तोत्रं चालू असताना झोपलेला आणि पुढे स्वतः बाप्तिस्मा घेतलेला तुरुंगाधिकारी ज्या मंडळीचा, ती. पौलाने हे एका माणसाला खोलीत एकट्याने वाचायला पाठवलेलं नव्हतं; सगळे जमल्यावर ते मोठ्याने वाचलं गेलं असणार, युवदीया आणि सुंतुखे समोर बसलेल्या असताना. आजही चिंतेत असलेल्या माणसाला स्वतःची प्रार्थना सुचत नाही, तेव्हा दुसरा कोणी ती म्हणतो. तो फार शहाणा असायला लागत नाही. उगीच उपदेश न करता बसणारा हवा, आणि दुसऱ्या दिवशी ‘काय आला रिपोर्ट?’ म्हणून फोन करणारा.

शांतीच्या त्या वचनानंतर थोड्याच ओळींत पौल कुठल्या विषयाकडे वळतो ते पाहण्यासारखं आहे. पैशाकडे. टंचाईत आणि विपुलतेत राहायला मी शिकलो आहे, असं तो म्हणतो. म्हणजे तेही आपोआप आलं नव्हतं. आणि पुढे लिहितो: तरी तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे बरं केलं. तुम्ही थेस्सलनीकातही मला मदत पाठवली होती, एकदा नव्हे, दोनदा. एपफ्रदीताच्या हाती दिलेलं सगळं पोचलं.